कागदाखालची भिंत

भिंतींना कान असतात, असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण भिंतींना स्मृतिहि असते, ही गोष्ट आमची पन्नाशी उलटेपर्यंत आम्हांस ठाऊक नव्हती. ती कळली ती आमच्या नागपुरांतील राहत्या घरीं, बैठकीच्या खोलीच्या एका भिंतीस कागद लावतांना, आणि त्याहून अधिक तो काढतांना. पैसा कागदास पडला. हें ज्ञान त्यावर फुकट मिळालें. तेव्हां तें पदरीं बांधून ठेवण्यापेक्षां वाचकांस वांटून टाकावें, हें बरें.

हें घर आमच्या वडिलांनीं १९७१ सालीं लक्ष्मीनगरांत बांधलें. त्यांना आम्ही दादा म्हणत असूं. नोकरींतून निवृत्त झाल्यावर दादांनीं बैठकींतील पश्चिमेकडची भिंत आपलीशी केली. आखूड पाठीची एक सागवानी खुर्ची भिंतीस टेकवून ते रोज सकाळीं दोन तास वर्तमानपत्र वाचीत, आणि वाचतां वाचतां मस्तक मागें टेकीत. त्या मस्तकावर नित्य सढळ हातानें खोबरेल चोळलेलें असे. वर्षानुवर्षांच्या या सहवासानें भिंतीवर तळहाताएवढा एक पिंगट डाग उमटला. २०१२ सालीं दादा गेले. खुर्ची माळ्यावर गेली. डाग मात्र राहिला. त्यानंतर दोन वेळां आम्ही भिंतीस रंग दिला. दिवाळींत भिंत कोरी करकरीत दिसे, आणि एप्रिलांत नागपूरचें ऊन तापूं लागलें कीं डाग पुन्हां हळूहळू वर येई. पाण्यांत कालवलेला रंग तेलावर बसतो खरा, पण तेलास कोंडून ठेवण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं नसतें.

२०१८ च्या फेब्रुवारींत आमच्या कन्येचा साखरपुडा ठरला. पाहुणे पुण्याचे. ते मुलीबरोबर भिंतींचीहि परीक्षा घेणार, अशी आमच्या सौभाग्यवतीची खात्री होती. “अहो, आतां त्या डागाचें कांहीं तरी करा,” असें तिनें निक्षून सांगितलें. “बाबा, रंग नको, त्या भिंतीला वॉलपेपर लावूं,” असा तोडगा कन्येनें काढला. आई जवळच मेथी निवडीत बसली होती. तिला विचारलें, तेव्हां ती मान वर न करतां म्हणाली, “तुम्हांला आवडेल तें करा.” घरांतील वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडीं हें वाक्य आलें म्हणजे त्याचा अर्थ शोधावा लागतो. आम्ही तो शोधला नाहीं. वाङ्मयांतील संदिग्ध वाक्यांचे अर्थ लावण्यांत आमचा जन्म गेला. घरांतल्या वाक्यांकडे पाहण्यास फुरसत कोणाला?

भिंतीस कागद लावण्याची कल्पना मूळची आपली नव्हे. आपल्याकडे भिंत सारवीत, चुन्यानें पांढरी करीत, चुन्यांत चिमूटभर नीळ घालीत, खालीं गेरूचा पट्टा ओढीत. वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यांत गेल्यास थेट भिंतींवरच काढलेलीं चित्रें दिसतात. म्हणजे जें काय करावयाचें तें भिंतीच्या अंगावरच. तिच्यावर दुसरें कातडें चढविण्याची पद्धति नव्हती. चुन्याचा हात फिरे, आणि जुना थर नव्या थराच्या पोटांत राही. पडक्या वाड्याच्या भिंतीचा पोपडा हातांत घेतला, तर त्यांत किती दिवाळ्या एकावर एक बसल्या आहेत, तें मोजतां येतें.

विलायतेंत मात्र हा कागद असा रुजला कीं १७१२ सालीं सरकारनें त्यावर कर बसविला, आणि तो १८३६ पर्यंत चालू राहिला. डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही १८५४ सालची कादंबरी आम्ही वर्गांत अनेकदां शिकविली आहे. तींत एक सरकारी गृहस्थ शाळेंतील मुलांना विचारतो कीं, घोड्यांचीं चित्रें असलेला कागद तुम्ही खोलीच्या भिंतीस लावाल काय? निम्मीं मुलें ‘हो’ म्हणतात. त्याचा चेहरा पाहून उरलेलीं ‘नाहीं’ म्हणतात. एक मंद मुलगा तेवढा म्हणतो कीं, मी कागद लावणारच नाहीं, मी भिंत रंगवीन. या मुलाच्या उत्तरावर आमचे विद्यार्थी दर वर्षीं हंसत, आणि आम्हीहि हंसत असूं. त्या हंसण्याचें प्रायश्चित्त आम्हांस पुढें मिळालें.

कागदाची निवड करण्यासाठीं आम्ही तिघे बर्डीवरील एका दुकानांत गेलों. दुकानदारानें आमच्यासमोर नमुन्यांचीं पुस्तकें टाकलीं. एकेक पुस्तक शब्दकोशाएवढें जड! पानोपानीं पानें, फुलें, पक्षी, विटा, संगमरवर, रेशीम, बांबू. म्हणजे जें आपल्या घरांत नाहीं, तें असल्याचा आभास. दुकानदार म्हणाला, “सर, नॉन-वोव्हन घ्या.” नॉन-वोव्हन म्हणजे न विणलेलें. कागद तरी कोणता विणलेला असतो, असा प्रश्न आमच्या मनांत आला. चौकशीअंतीं कळलें कीं लांकडाच्या लगद्यांत पॉलिएस्टरचे कृत्रिम तंतु मिसळून, ते न विणतां एकत्र जखडून हा पत्रा तयार करतात. दिसावयास कागद, पण गुण कापडाचे. साधा कागद ओला झाला कीं फुगतो आणि वाळतांना आकसतो. म्हणून त्याच्या पाठीस खळ लावून त्यास कांहीं वेळ मुरूं द्यावें लागतें. हा फुगत नाहीं. त्यामुळें खळ भिंतीस लावावी आणि कोरडी पट्टी तिच्यावर चढवावी, इतकें काम सोपें.

प्रत्येक नमुन्यामागें लहान लहान चिन्हें छापलेलीं होतीं. लाटांची खूण म्हणजे कागद पुसतां किंवा धुतां येतो. जितक्या लाटा अधिक, तितकी धुलाई सोसण्याची शक्ति अधिक. सूर्य म्हणजे उन्हानें रंग विटत नाहीं. भिंतीच्या रेघेशेजारीं कुंचला असला, तर खळ भिंतीस लावावयाची. अगदीं शेवटीं एक खूण होती, तींत भिंतीपासून पट्टी वर सुटत असलेली दाखविली होती. तिचा अर्थ, कागद कोरडाच्या कोरडा निघतो. लावण्याआधींच काढण्याची सोय पाहणें आम्हांस जरा अशुभ वाटलें. आम्ही लाटांवर लक्ष ठेवून, फिकट हिरव्या वेलीचा, पृष्ठावर व्हिनाइलचा लेप असलेला आणि चांगला धुतां येणारा कागद पसंत केला. पुढें जें झालें, त्याचें मूळ या लाटांत होतें.

आतां गणित. भिंत १४ फूट रुंद व १० फूट उंच, म्हणजे ४२७ सेंटिमीटर बाय ३०५. गुंडाळी ५३ सेंटिमीटर रुंद आणि १०.०५ मीटर लांब. आठ पट्ट्यांनीं ४२४ सेंटिमीटर झांकतात, आणि उरलेल्या ३ सेंटिमीटरांसाठीं नववी पट्टी लागते! कांटछांट धरून प्रत्येक पट्टी ३१५ सेंटिमीटरांची. वेल दर ६४ सेंटिमीटरांनीं पुन्हां तीच येते, आणि शेजारच्या पट्टींत ती अर्ध्यानें, म्हणजे ३२ सेंटिमीटरांनीं, खालीं सरकलेली असावी लागते. त्याशिवाय पान पानास जुळत नाहीं. आम्ही कागदावर आकृति काढून सिद्ध केलें कीं एक पट्टी कापून तिच्या शेजारची लगेच कापावयास गेल्यास मधला तुकडा वायां जातो, तिसऱ्या पट्टीस कागद १४ सेंटिमीटर कमी पडतो, आणि एका गुंडाळींत दोनच पट्ट्या बसतात. सबब पांच गुंडाळ्या हव्यात. दुकानदारानें आमच्या विद्वत्तेपुढें मान तुकविली, आणि सर्वांवर एकच घाणक्रमांक आहे हें आम्हांस दाखवून पांच गुंडाळ्या बांधून दिल्या. घाण वेगळा आला तर एकाच कागदाच्या दोन गुंडाळ्यांत रंगाची छटा बदलते. म्हणून हा क्रमांक पाहून घेणें अवश्य असतें.

दुसऱ्या दिवशीं कारागीर आला. दहावीपर्यंत शिकलेला तरुण. आमची आकृति त्यानें क्षणभर पाहिली. “हे काय हिशेब करून राहिले, सर?” असें तो अत्यंत अदबीनें म्हणाला. मग त्यानें पहिल्या गुंडाळींतून पहिली, तिसरी व पांचवी अशा तीन विषम पट्ट्या ओळीनें कापल्या. दुसरीचा आरंभ ३२ सेंटिमीटर सोडून तींतून तीन सम पट्ट्या काढल्या. आणि तिसरींतून राहिलेल्या दोन विषम व एक सम. वेल सर्वत्र जुळली, आणि गुंडाळ्या तीनच लागल्या! उरलेल्या दोन परत नेण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. दुकानदारानें कारण विचारलें असतें.

भिंतीचे पोपडे खरवडून, भेगांत पुट्टी भरून, घासून, वर अस्तराचा हात देऊन झाला. जेथें अस्तर नाहीं तेथें कोरडी भिंत खळींतलें पाणी शोषून घेते, आणि पुढें कागद काढतांना रंगासकट निघतो. हें सारें झाल्यावर कारागीर त्या डागापाशीं थांबला, आणि त्यानें त्यावर बोट फिरविलें. “सर, हा डाग आधीं बंद करा लागते. तेल आहे तें. कागदांतून निघून येईन.” त्यासाठीं लाखेचें वेगळें अस्तर त्या जागेवर द्यावें, तें पुरतें वाळूं द्यावें, आणि काम दुसऱ्या दिवशीं करावें, असें त्याचें म्हणणें होतें. पाहुणे तिसऱ्या दिवशीं येणार होते. आम्ही म्हणालों, “जाऊं द्या. एवढ्या जाड कागदांतून काय येणार?” तो आमच्याकडे पाहून गप्प राहिला. ज्यास हिशेबांत आपण चुकलेले पाहिलें, त्या माणसाचा सल्ला मानणें प्रोफेसरास फार जड जातें.

मग त्यानें पंखा बंद करविला, कारण वाऱ्यानें खळ लौकर वाळते. कोपऱ्यावर त्याचा विश्वास नव्हता. कोणत्याहि घराचा कोपरा सरळ नसतो, असें तो म्हणाला. म्हणून ओळंबा सोडून त्यानें भिंतीवर पेन्सिलीची एक उभी रेघ मारली, आणि पहिली पट्टी त्या रेघेस लावली. वरून खालीं कुंचल्यानें दाबीत, मधून कडांकडे हवा बाहेर काढीत, नव्या पात्यानें वरची-खालची किनार कापीत तो पुढें सरकला. दर दोन पट्ट्यांमागें तो पातें मोडून टाकी. बोथट पातें कागद कापीत नाहीं, ओरबाडतें. अडीच तासांत सारी भिंत हिरवी झाली. डाग कोठें होता, तें आम्हांसहि सांगतां येईना.

साखरपुडा थाटांत झाला. पाहुण्यांनीं भिंतीची स्तुति केली. आई म्हणाली, “छान दिसते.” त्या दिवसापासून तिनें संध्याकाळीं माळ घेऊन बसण्याची आपली जागा बदलली. आजवर ती त्या भिंतीसमोरच्या दिवाणावर बसे. आतां आंतल्या खोलींत देवापाशीं बसूं लागली. दूरदर्शनाच्या गोंगाटास ती कंटाळली असावी, असा तर्क आम्ही केला, आणि मुलांना आवाज कमी ठेवावयास सांगितलें.

२०१९ च्या मे महिन्यांत, पारा ४५ च्या वर गेला असतां, एके दुपारीं सौभाग्यवतीनें आम्हांस त्या भिंतीपाशीं नेलें. हिरव्या वेलीच्या दोन पानांमध्यें एक फिकट पिंगट सांवली दिसत होती. वीस दिवसांत ती स्पष्ट झाली. तेल कागदाच्या तंतूंतून वाट काढून पृष्ठापर्यंत आलें होतें.

आमच्या गांवांत असें एक उदाहरण पूर्वींपासून आहे. मॉरिस म्हटल्यावर इंग्रजीच्या अभ्यासकास विल्यम मॉरिस आठवतो. भिंतीच्या कागदावर वेली आणि पांखरें रेखाटून ज्यानें एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडच्या दिवाणखान्यांचें रूप पालटलें, तो. नागपूरकरास आठवतें तें मॉरिस कॉलेज. तो मॉरिस वेगळा. मध्यप्रांताचा चीफ कमिशनर. त्याच्या नांवाचें हें कॉलेज १८८५ सालीं निघालें. आज त्या संस्थेचें नांव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था असें आहे, आणि नांव योग्यच आहे. पण रिक्षावाल्यास तें सांगून पाहा! ‘मॉरिस कॉलेज’ म्हटल्याखेरीज रिक्षा हालत नाहीं. पाटीवर नवें नांव आलें. लोकांच्या जिभेवर जें मुरलें होतें तें पाटींतून वर आलें. यांत कोणाचा द्वेष नाहीं कीं कोणाची भक्ति नाहीं. जें पोटांत मुरलें आहे, तें वरून झांकतां येत नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

सांवली दिसूं लागल्यावर चार-आठ दिवसांनीं आई पुन्हां दिवाणावर माळ घेऊन बसलेली आढळली. आवाज कमी केल्याचा हा परिणाम, असें आम्ही सौभाग्यवतीस सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं.

कागदाचा शेवट मात्र डागानें नव्हे, कूलरनें केला. नागपुरांत उन्हाळा म्हणजे कूलर. ओल्या खसाच्या टट्ट्यांतून ओढलेली हवा खोलींत थंडावा आणते, आणि त्याबरोबर ओलावाहि आणते. तो बाहेर जाण्यासाठीं समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते. दुपारच्या झोंपेच्या लोभानें आम्ही ती बंद करीत असूं. कूलरचा झोत थेट त्या भिंतीवर. न विणलेला कागद स्वतः बराच श्वास घेतो; पण धुण्याच्या हौसेनें आम्ही त्यावरचा जो व्हिनाइलचा लेप पसंत केला होता, त्यानें ती वाट बंद केली. ओल मागें कोंडली. दोन पावसाळ्यांनीं आणखी भर घातली. खालच्या बाजूचे सांधे उघडले, आणि कडांशीं काळी बुरशी धरली. एकोणिसाव्या शतकांत असल्या बुरशीनें विलायतेंत माणसें आजारी पडतात, असें मानलें जाई. त्या वेळच्या हिरव्या रंगांत सोमल असे, आणि ओल्या कागदावरील बुरशी त्यापासून वायु निर्माण करी, हें गोझिओ नांवाच्या इटालियन शास्त्रज्ञानें १८९० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. आमच्या हिरव्या वेलींत सोमल नव्हता. तरी आईचा खोकला वाढला, तेव्हां सौभाग्यवतीनें निर्णय घेतला. आमच्याकडे मत मागितलें गेलें नाहीं, हें योग्यच झालें.

२०२४ च्या फेब्रुवारींत, एका रविवारीं, आम्ही स्वतःच कागद काढावयास बसलों. साधा कागद काढणें म्हणजे शिक्षाच असते. भिंत भिजवा, वाफ द्या, खरवडा, आणि नखाएवढे कपटे गोळा करा. येथें मात्र त्या शेवटच्या चिन्हानें आपला शब्द पाळला. खालचा कोपरा पात्यानें उचलला, दोन्ही हातांनीं धरला आणि भिंतीस लगट ठेवून सावकाश वर ओढीत गेलों, तों सबंध पट्टी न फाटतां निघाली. नऊ पट्ट्यांस एक तासहि लागला नाहीं. एके ठिकाणीं रंगाचा पोपडा बरोबर आला. तेथें अस्तराचा हात चुकला असावा. मागें राहिलेला खळीचा पातळ थर कोंबट पाण्याच्या बोळ्यानें पुसून गेला. सहा वर्षांचा सहवास, आणि निरोप इतका सुटसुटीत! पाहुण्यास हा गुण शोभतो, असें आमच्या मनांत आलें. घरच्या माणसास शोभेल कीं नाहीं, याचा आम्हांस संशय आहे.

डाग होता त्या जागेवरून पट्टी तर हात लावतांच सुटली. तेलावर खळ मुळीं धरलीच नव्हती. सहा वर्षें कागद तेथें नुसता टेकून होता. आणि खालीं तो डाग पूर्वींपेक्षां मोठा, कडेस पिवळसर झालेला, स्वस्थ बसलेला होता.

आई दारांत उभी राहून पाहत होती. ती जवळ आली, चष्मा सारखा केला आणि म्हणाली, “डोक्याला तेल कमी लावा, म्हणून चाळीस वर्षें सांगत होतें. ऐकलें का कधीं?” हें ती भिंतीकडे पाहून म्हणाली. मग आमच्याकडे वळून विचारलें, “आतां पुन्हां काय लावणार?”

त्या वेळीं, सहा वर्षांपूर्वींच्या “तुम्हांला आवडेल तें करा” या वाक्याचा अर्थ आम्हांस लागला. पहिला खोकला ओलाव्याचा होता, पण दिवाणावरून उठून जाणें दूरदर्शनामुळें नव्हतें. हें घरांत सर्वांस ठाऊक होतें, आमच्याशिवाय. “कांहीं नाहीं लावणार,” आम्ही म्हणालों. “रंगवूं.” डिकन्सच्या वर्गांतील तो मंद मुलगा अशा रीतीनें आमच्या मुखानें बोलला.

भिंतीस पुन्हां साधा रंग दिला. रंगाऱ्यानें डाग लाखेनें बंद करूं का, म्हणून विचारलें. आम्ही नको म्हटलें. त्या एप्रिलांत डाग वेळेवर आला. उरलेल्या दोन गुंडाळ्यांपैकीं एक आईनें मागून घेतली आणि आपल्या पोथ्यांना तिचीं वेष्टनें घातलीं; धुतां येतात म्हणून ती खूष आहे. खिडकी आतां दुपारीं उघडी असते.

माळ्यावरची सागवानी खुर्ची आम्ही खालीं काढली, पुसली आणि जुन्या जागीं ठेवली. सकाळचें वर्तमानपत्र आतां आम्ही तेथें बसून वाचतों. पहिल्याच दिवशीं, वाचतां वाचतां, आम्ही मस्तक मागें टेकलें. सौभाग्यवती चहा घेऊन येत होती. ती थांबली आणि हंसूं लागली. उठून पाहिलें, तों आमच्या डोक्याची खूण डागाच्या चार बोटें खालीं होती. दादा आमच्यापेक्षां उंच होते, हें आम्ही विसरलोंच होतों.